करकर थांबली तेव्हा

मी उदगीरच्या एका घरातली जुनी सागवानी बंगई आहे. मित्रांनो, तुम्ही मला झोपाळा म्हणाल. चाळीस वर्षांपूर्वी निलंग्याच्या सुताराने मला घडवले. तेव्हापासून या घरात कुणाचाही साखरपुडा झाला, की नवरानवरी माझ्यावर बसून बोलत. मधे उशी, दार उघडे आणि घरातले सगळे स्वयंपाकघरातून कान लावून. माझ्या कड्या करकरत असल्या, म्हणजे दोघे आपापल्या जागी नीट बसलेत अशी सगळ्यांची समजूत. करकर थांबली की आतून घरमालक अप्पा खोकत.

मधल्या काळात सोफा आला आणि माझ्यावर वाळलेले कपडे पडू लागले. मग यंदा अप्पांच्या नातीचे, रेणुकाचे, चाकूरच्या राजशेखरशी जमले. दोघे फोनवर रोज बोलत, पण घरी नियम तोच. मला तेलपाण्याने पुसले. मी खूश!

तिसऱ्या भेटीला राजशेखरबरोबर त्याची शिवगंगा आत्या आली. लग्नाची तारीख धरायची की नाही, हे तिच्यावर होते. सगळे आत जेवत असताना करकर थांबली. अप्पा खोकले. पुन्हा खोकले. मग आत्याच उठली.

बाहेर पाहते तर उशी खाली पडलेली आणि रेणुकाने राजशेखरचे दोन्ही हात घट्ट धरलेले.

"अजून तारीख धरली न्हाई, अन् हे काय चाललंय? चल राजू, निघू आपण."

मी गारच पडले. पण रेणुकाने हात सोडले नाहीत.

"आत्या, मला नंतर बोला. आधी लिंबू बघा. ह्यांना गरगरून राहिलंय."

राजशेखर पांढराफटक पडला होता. झोका त्याला लहानपणापासून सोसत नसे. तरी तिन्ही भेटींत तो झोके घेत राहिला, कारण थांबले की अप्पा खोकत. हे त्याने डोळे मिटूनच सांगितले.

आत्या तडक आत गेली. तिनेच लिंबू पिळून आणले. राजशेखर लाजून हात सोडवू लागला, तशी म्हणाली, "धरू दे तिला. पडशील की."

अप्पांना पुन्हा खोकला आला, पण हा हसून हसून.

तारीख त्याच दुपारी धरली. दुसऱ्या दिवशी अप्पांनी स्वतः माझ्या कड्यांना तेल घातले; आता करकरही नाही आणि खोकलाही नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी बंगई असेल, तर तिला पुसा, तिच्यावर बसा. आणि दोघे जण बोलत बसलेले दिसले, तर आधी पाणी हवे का एवढे विचारा.