उंबरठ्यातली आई

आई उंबरठ्यात अडकली ती मंगळवारी. सोमवारी सगळं नेहमीसारखं होतं. जुन्या नाशकातल्या त्या अरुंद गल्लीत आई स्टुलावर चढून दाराला तेल लावत होती आणि तिची मुलगी मृणालिनी स्टूल धरून उभी होती. सागवानी चौकटीवर खालपासून कोरीव वेल चढलेली होती आणि वर, गणेशपट्टीच्या दोन्ही अंगांना, एकेक पोपट. त्यातल्या एकाची चोच किंचित वाकडी होती.

"कोरणाऱ्याला जांभई आली असेल," आई म्हणाली. "आणि तू स्टूल धर नीट. दार नाही पडायचं, मी पडेन."

मंगळवारी कोथिंबीर आणायला निघालेली आई एक पाय बाहेर टाकून थांबली, ती थांबलीच. डॉक्टरांनी नाडी पाहिली.

"गेल्या," ते म्हणाले.

"कुठे गेल्यात?" समोरच्या ठकूकाकूंनी विचारलं. "ह्या काय उभ्या!"

डॉक्टरांनाही ते पटलं. आईच्या हाताखालून वाकून ते बाहेर पडले.

संध्याकाळपर्यंत चौकटीवरची वेल आईच्या साडीवर चढली. काठ सागवानी झाला, त्यातला धागान् धागा लाकडात उतरला. एवढं बारीक काम साऱ्या गल्लीत नव्हतं. लोक दुरून बघायला येऊ लागले, चपला काढून उभे राहू लागले. "पॉलिश मात्र करू नका हं," असं बजावून जाऊ लागले.

वेलीला लागणारं लाकूड घरातूनच जात होतं. आधी तुळया बारीक झाल्या, मग स्वयंपाकघर मधल्या खोलीत सरकून आलं. मृणालिनी दाराशीच निजू लागली. तिची तक्रार नव्हती. आई घरात होती, निदान अर्धी.

"पाय अवघडलाय गं," एका सकाळी आई म्हणाली. तिची पाठ घराकडे होती.

"मग आत ये."

"आत नाही येता येत. निरोप दे, म्हणजे निघते."

"ये हं आई," मृणालिनी म्हणाली. निघणाऱ्याला त्या घरात दुसरं काही म्हणायची रीतच नव्हती. तिनं 'ये' म्हटलं आणि आईच्या कोपराला पान फुटलं. पुन्हा म्हटलं, तर वाकड्या चोचीचा पोपट आईच्या खांद्यावर उतरला.

"अगं, सारखी बोलावतेस कशाला तिला?" ठकूकाकू ओरडल्या. "वेल गळ्याशी आली. एकदा का कान झाकले, की कुणाचा निरोप ऐकू यायचा नाही. उभी राहील जन्मभर, तसाच अवघडलेला पाय घेऊन."

"मला नाही म्हणता येत, काकू."

"मग लाव तेल आणि बस."

मृणालिनी तेल लावत राहिली. आईच्या हातावरच्या शिरा सुरेख उतरल्या होत्या, अंगठ्याजवळची भाजल्याची खूणसुद्धा. मागची भिंत आता मृणालिनीच्या पाठीला टेकली होती. घर दाराएवढंच उरलं होतं, आणि आईचा फक्त डावा कान उरला होता. वेलीचा कोवळा शेंडा त्याच्या पाळीपाशी वळसा घेत होता. आत कुठेतरी आईनं पायावरचा भार बदलायचा प्रयत्न केला आणि सगळी चौकट करकरली.

मृणालिनीनं तेलाचे हात ओढणीला पुसले. टाचा उंचावून तिनं त्या कानाला ओठ लावले. कान अजून ऊन होता.

"जा, आई," ती म्हणाली.