उनाच्या तोंडी दुसरीचा आवाज

मित्रांनो, मी एक जुनी जाहिरात आहे, बोटभर रुंदीच्या फितीवर छापलेली, अवघ्या तीस सेकंदांची. आयर्लंडच्या खेड्यांत घरटी नव्हे, गल्लीत एखादा टीव्ही असायचा, त्या काळातला माझा जन्म.

केरी परगण्यातल्या उना नावाच्या बाईच्या स्वयंपाकघरात माझं चित्रीकरण झालं. डब्लिनच्या साहेबांना अस्सल खेड्यातली बाई हवी होती. उनाने सोड्याचा पाव थापला, सुरीने त्यावर क्रूस कापला आणि म्हणाली, "आमच्या घरात दुसरं पीठ शिरत नाही." साहेब खूश! पण डब्लिनला परतल्यावर त्यांना तिची बोली गावंढळ वाटली. माझ्या कडेला आवाजाची पट्टी असते, तिच्यावर त्यांनी एका नटीचा गोड शहरी आवाज छापला. तोंड उनाचं, बोल दुसरीचे.

मी पहिल्यांदा टीव्हीवर झळकले तेव्हा शेजारीपाजारी जमले होते.

"काय गं उना, जीभ डब्लिनला विसरून आलीस का?"

सगळे हसले. उनाही हसली. पुढच्या हिवाळ्यात लेकीला जन्म देऊन ती गेली. त्यानंतर नवऱ्याने या जाहिरातीचं नावसुद्धा काढलं नाही.

पिठाचा कारखाना बंद पडला आणि माझी किंमत शून्य झाली. गावच्या थिएटरात सिनेमाआधी मला दाखवत; तिथल्या मॉसी नावाच्या ऑपरेटरने मला कचऱ्यातून उचललं, बिस्किटांच्या डब्यात घातलं आणि तोही विसरला. ओल्या कोठीत मी पन्नासेक वर्षं कुजले. अंगाला आंबूस वास मारू लागला.

यंदा कोठी आवरताना डबा सापडला. मॉसीने निरोप धाडताच उनाची लेक डेर्व्ला धावत आली. तिचीही पन्नाशी उलटलेली. सोबत फिलोमिना मावशी, उनाची धाकटी बहीण. तरुणपणीच इंग्लंडला नर्स म्हणून गेलेली, आता परतलेली.

"एकदाच चालेल हं," मॉसी म्हणाला. "पार पापड झालाय हिचा."

"एकदा पुरे. आईचा चेहरा फोटोत तरी पाहिलाय. आवाज कुठून आणू?" डेर्व्लाने फोन पुढे धरला, आवाज भरून घ्यायला.

मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण माझ्यापाशी माझा असा आवाज कुठे आहे?

मशीन फिरलं. पीठ उडालं, उना हसली, नटी बोलली. आणि मी तटकन तुटले. मॉसीने तुकडे उचलून पाहिले आणि मान हलवली.

"किती गोड बोलायची गं!" डेर्व्ला रडत होती. "मावशी, असाच होता ना?"

मावशीने तिचे डोळे पुसले. म्हणाली, "हो गं पोरी. असाच."

मित्रांनो, मावशीचा तो गळा हुबेहूब उनाचा होता. तोच घोगरेपणा, तोच केरीचा हेल. डेर्व्लाने मात्र नटीचा आवाज भरलेला फोन कानाला लावला होता. ती हात हलवत म्हणाली, "श्श, मावशी, ऐकू दे की."

आमच्यासारख्या फिती कोरड्या जागी ठेवा, एवढंच मी तुम्हाला सांगणार होते. आता वाटतं, माणसं बोलत असतात तेव्हाच त्यांचं ऐकून घ्या. फिलोमिना मावशी एक्क्याऐंशी वर्षांची आहे.