आजीच्या नावाचा मध

खानदानाच्या सभाघराच्या दाराशी चपला-बुटांचा ढीग पडला होता. त्यात होहेपाचे बूट नव्हते, कारण ते अजून त्याच्या पायात होते. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून हा बाबा बाहेरच्या बाकावर बसून खिडकीतून सभा ऐकत होता. पाहुणे आले की ज्याचं भाषण पहिलं व्हायचं, तो खानदानातला थोर वक्ता उंबऱ्याबाहेर! आत यायचं तर बूट काढावे लागतात, हे रांगत्या पोरालाही ठाऊक असतं.

त्याची धाकटी बहीण मेरेपेका आत बसून धुमसत होती. गेल्या महिन्यात चुलतभावाच्या मयताला हा असाच बाहेर राहिला, म्हणाला गुडघे दुखतात. त्याआधी एकदा म्हणाला, गाय व्यायलीय, लगेच निघायचंय. आता आज काय, बैल व्यायला?

समोर मधाच्या कंपनीचा स्टुअर्ट गोड गोड बोलत होता. डोंगरावरच्या खानदानाच्या रानात, मानुकाच्या झुडपांमध्ये, मधमाश्यांच्या पेट्या ठेवायला आणखी दहा वर्षं जमीन हवी होती. येताना भेट म्हणून त्याने मधाच्या बरण्यांचा खोका आणला होता, वरच्या प्रतीच्या, शंभर-शंभर डॉलरच्या. त्याचं वाक्य अर्ध्यावर असताना मेरेपेका उठली आणि तडक बाहेर गेली.

"दादा, आत चल."

"इथून ऐकू येतंय मला."

"मला काय खुळी समजतोस? बूट काढ."

"पेका, जा तू. उगाच तमाशा नको."

ती वाकली तेव्हाच वास आला. गोड वास आणि त्याच्याखाली दुसरा, मेलेल्या उंदरासारखा. साठीची बाई, पण तिने पायरीवर गुडघे टेकले आणि त्याचा डावा बूट दोन्ही हातांनी धरून ओढला. तो ओरडला. आतली सभा थांबली आणि खिडक्यांमध्ये तोंडं दिसू लागली.

पायाला जुन्या चादरीच्या चिंध्या गुंडाळलेल्या होत्या आणि त्या मधाने चिकट झाल्या होत्या. तिने त्या सोडवल्या. अंगठा काळा पडला होता. शेजारची दोन बोटंही तशीच, आणि तळव्यापर्यंत सगळं सुजून जांभळं.

"अरे माणसा!" तिला पुढचं सुचेना. मग सुचलं. "अक्कल गहाण टाकलीस का? तुला मधुमेह आहे! दर सोमवारी नर्स गाडी घेऊन दाराशी येते, तिला पाय दाखवायला काय तुझी जीभ झडली होती? वक्ता म्हणे! किती दिवस झाले याला?"

"चार महिने. नखाशी एवढीशी चीर होती."

"आणि चार महिने तू हे लावत बसलास? पेन्शन घालवून पावावरचा मध पायाला? कुणी सांगितलं तुला हे? कोण तो दीडशहाणा? नाव सांग, आत्ताच्या आत्ता जाऊन त्याचं थोबाड फोडते!"

होहेपाने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज कोरडा होता.

"तू."

"मी?"

"बाजारातल्या दुकानात, मधाच्या फळीवर टीव्हीचा पडदा लावलाय. दिवसभर तू बोलत असतेस त्यावर. 'आमच्या आजीने याच मधाने आमच्या जखमा बऱ्या केल्या.' आमची आजी, म्हणजे माझीही. मला आठवेना, ती कधी मध लावायची. म्हटलं, मी रानात हुंदडणारा, पेका तिच्या पदराला धरून असायची. तिला माहीत असणार. माझी बहीण कशाला खोटं बोलेल?"

मेरेपेकाला सगळं लख्ख आठवत होतं. आजी मानुकाची पानं आणि साल उकळायची, त्या पाण्याने जखमा धुवायची. मध आला तर तो पावावर, आणि तोही रविवारी. मधमाश्याच मुळी मिशनऱ्यांच्या जहाजातून आलेल्या, आजीच्या आजीला त्या ठाऊकही नव्हत्या. हे सगळं तिने त्या जाहिरातीच्या वेळी स्टुअर्टला सांगितलं होतं. तो हसून म्हणाला होता, "पाल्याची गोष्ट लांब होते हो, मधाचं एक वाक्य बोला." त्या वाक्याच्या बदल्यात सभाघराच्या स्वयंपाकघरावर नवं छप्पर आलं. गळकं छप्पर गेलं म्हणून सगळ्यांनी तिला डोक्यावर घेतलं होतं, आणि तीही मिरवली होती. आता तिला स्वतःचंच थोबाड फोडावंसं वाटत होतं.

शहरातल्या हॉस्पिटलमध्ये नर्सने आडपडदा ठेवला नाही. "मध वाईट नसतो, मावशी. जखमेसाठीच निर्जंतुक करून बनवलेला मध आम्हीही कधीकधी लावतो. पण हा खायचा मध आहे. आणि ज्या पायाला रक्तच पोहोचत नाही, त्याला तुम्ही शंभरचा लावा नाहीतर हजारचा, काय उपयोग? लवकर आले असते तर कदाचित एका बोटावर निभावलं असतं."

एका बोटावर निभावलं नाही. पाय गुडघ्याखाली कापला.

माणसाचा तुकडा झाला तरी तो माणूसच, त्याला परक्या जागी टाकून यायचं नसतं. हॉस्पिटलने पाय मागितल्याबरोबर परत दिला, त्यांना ही रीत माहीत आहे. पेटी लांबट होती. चाकांच्या खुर्चीत होहेपाने ती सगळ्या वाटेवर स्वतःच्या मांडीवर धरली आणि कुणाला हात लावू दिला नाही.

टेकडीवरच्या दफनभूमीत आजीच्या शेजारी खड्डा खणला होता. खानदान जमलं. स्टुअर्टही आला, काळा कोट घालून. फाटकाशी मेरेपेकाला गाठून म्हणाला, "फार वाईट झालं. आणि ते पुढच्या महिन्यातलं जाहिरातीचं चित्रीकरण... घाई नाही हं."

ती त्याला ओलांडून पुढे गेली. तोंड उघडलं असतं तर शिवीच दिली असती, आणि या जागी शिवी देत नाहीत.

पेटी मातीत गेली. आता रीतीप्रमाणे कुणीतरी मेलेल्यांशी बोलायचं, समोरासमोर, ते उभेच आहेत असं समजून. सगळ्यांनी होहेपाकडे पाहिलं.

"मी नाही," तो म्हणाला. "आजीशी आज ती बोलेल."

दुसरीकडे हे काम पुरुषांचं, पण या किनाऱ्यावर बायकाही बोलतात. मेरेपेका पुढे आली.

"आजी," ती पुटपुटली, "दादाचा पाय तुझ्याजवळ ठेवतेय. सांभाळ. मी तुझ्या नावाने..."

"ऐकू येत नाही," मागून होहेपा म्हणाला.

"आजी, मी तुझ्या नावाने खोटं..."

"मोठ्याने बोल!" त्याने खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. मिशीपर्यंत पाणी ओघळत होतं. "दुकानात बोलतेस ना, तेवढ्या मोठ्याने बोल, पेका! तिथे मला शब्द न् शब्द ऐकू आला होता."

मेरेपेकाने छाती भरून श्वास घेतला. मग ती बोलली, आणि फाटकाशी उभ्या स्टुअर्टपर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं.