उभे बीम

चिंचपोकळीच्या आमच्या खोलीत पोटमाळा घातला तो माझ्या दहावीसाठी. खाली टीव्ही, कुकर आणि माझा धाकटा भाऊ वरद, तिघांच्या शिट्ट्या चालूच. बाबा उंच. डोकं आपटू नये म्हणून त्यांनीच रघुवीर सुतारांना हट्टाने लाकडी बीम आडवे टाकायला लावले, दहा सेंटीमीटर रुंद, पाच उंच. मी दप्तर घेऊन वर चढले, आणि माळा मधोमध लवला.

"उतर गो खाली. उद्या काढून टाकूया," बाबा म्हणाले. "जिन्यात बस अभ्यासाला."

जिन्यात अख्खी चाळ गप्पांना बसते. मी तडक तिसऱ्या मजल्यावरच्या दुर्गाताईला घेऊन आले. ती स्ट्रक्चरल इंजिनीअर.

तिने वर पाहिलं. "बीम उभे करा."

"लाकूड तेवढंच ना, ताई? मग आडवं काय, उभं काय?" मी विचारलं.

तिने माझी पट्टी माझ्याच हातात दिली. सपाट धरून दाबली, वाकली. कडेवर उभी धरली, हूं की चूं नाही.

"याला सेक्शन मॉड्युलस म्हणतात. रुंदी गुणिले उंचीचा वर्ग, भागिले सहा. कर."

आडव्याचे आले बेचाळीसच्या आसपास, उभ्याचे त्र्याऐंशी. एकक, घन सेंटीमीटर.

"घन म्हणजे आकारमान," मी तोऱ्यात म्हटलं. "ते तर दोन्हीकडे सारखंच हवं. तुझं सूत्र गंडलंय."

"शहाणे, यात बीमची लांबी कुठंय?"

शोधली. नव्हतीच. रुंदी एकदा, उंची दोनदा, म्हणून घन. लाकूड किती आहे ते नाही, वाकवणाऱ्या जोराला बीमचा काटछेद, म्हणजे कापल्यावर दिसणारा चौकोन, किती पुरून उरतो, ते हा आकडा सांगतो. इतकं स्वच्छ कळलं की मी पट्टी घेऊन बाबांनाही शिकवून टाकलं.

"ते कळलं मास्तरीणबाई," बाबा म्हणाले, "पण बीम पाच सेंटीमीटर खाली येणार."

"माळा वर सरकवू?" रघुवीरकाकांनी विचारलं.

बाबांनी छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नको. हिला ताठ बसता येऊ दे. मी वाकेन."

आता मी वर मांडी घालून हे लिहितेय. माळा जरासुद्धा लवत नाही. खाली बाबा मान तिरकी करून मोरीकडे जातात. दुर्गाताईला मी थँक्यू म्हटलंय, चार वेळा. बाबांना म्हणायला गेले तर म्हणाले, "गप, गणितं कर."

करतेय.