बोटसाहेबांचे स्विस घड्याळ

सुज्ञ व सहनशील वाचकहो, पुढील मजकुरात एका थोर स्विस घड्याळाची कुळकथा, त्याच्या मोहात सापडलेल्या एका सद्गृहस्थाची अवस्था आणि त्यांच्या सहधर्मचारिणीच्या मनगटाचा पराक्रम, हे तीन विषय यथाशक्ति निवेदन केले आहेत. घड्याळाच्या कंपनीचे नाव मुद्दामच दिलेले नाही. एक तर ते उच्चारताना जिभेला गाठ पडते. आणि दुसरे म्हणजे, थोरामोठ्यांची धुणी चव्हाट्यावर धुऊ नयेत, असे जाणते लोक सांगतात.

पुठ्ठ्याची खोकी बनविणाऱ्या एका कारखान्यात आमचे कथानायक व्यवस्थापक होते. कारखान्यातील समस्त मंडळी त्यांना बोटसाहेब म्हणत, अर्थात पाठीमागे. कारण आपल्या संपूर्ण सेवाकाळात त्यांनी उजव्या हाताच्या तर्जनीखेरीज अन्य कोणत्याही अवयवास कामाची तोशीस लागू दिली नव्हती. ते बोट उजवीकडे वळले की खोकी उजवीकडे जात, डावीकडे वळले की तीच खोकी परत येत. अशा रीतीने कारखान्याची भरभराट झाली.

निवृत्तीच्या दिवशी मालकांनी भर सभेत आपल्या मनगटावरचे घड्याळ उतरवून बोटसाहेबांच्या मनगटावर चढविले. मालक स्वभावाने मिश्किल. टाळ्या थांबल्यावर ते बोटसाहेबांच्या कानाशी लागून म्हणाले, "याला चावी नसते, साहेब. हात चालला तर हे चालतं, हात थांबला की हेही थांबतं. मी कधीतरी न सांगता घरी येईन. चालू दिसलं तर समजेन की तुमचा हात अजून चालतोय. मग सल्लागार म्हणून परत या. खिडकीजवळची खुर्ची राखून ठेवतो."

त्या खुर्चीत बोटसाहेबांचा जीव अडकला. जीव अडकण्यास सबळ कारण होते. घरी त्यांच्या बोटाला कवडीची किंमत नव्हती. त्यांनी खिडकीकडे बोट केले, तर ती लावून घेण्याऐवजी मुलगी शांतपणे म्हणे, "हो बाबा, खिडकी आहे." आणि निघून जाई.

आता घड्याळाच्या कुळाविषयी. घड्याळाबरोबर मिळालेल्या डबीत एक गुळगुळीत कागदाची पुस्तिका होती. ती मुलीकडून वाचून घेऊन बोटसाहेबांनी तोंडपाठ केली आणि घरी येईल त्यास ऐकविली. दूधवाल्यासही ती दोनदा ऐकावी लागली. बर्फाच्या डोंगरात एक खेडे होते. हिवाळ्यात दारे बर्फाने बंद होत. तेथील एक शेतकरी शेगडीपाशी बसून, भिंग डोळ्याला लावून, मुंगीच्या डोक्याएवढी चाके कानशीने घाशीत बसे. त्यातून पहिले घड्याळ जन्मले, मग कारखाना आणि मग कीर्ती. पुढे राजे ते बांधून सिंहासनावर बसले, सेनापती ते बांधून हरले, दर्यावर्दी ते बांधून बुडाले. बुडाले तरी घड्याळ चालूच होते. ज्याच्या मनगटावर ते असते, तो माणूस वेळेचा चाकर नव्हे, धनी असतो, असे शेवटच्या पानावर सोनेरी अक्षरांत छापलेले होते. येथे पोहोचले की बोटसाहेब तर्जनी उंच करीत.

एकदा बाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, तांब्याचा हंडा घासताना हे आख्यान ऐकत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारले, "अहो, तो शेगडीपाशी बसला होता, तेव्हा गाईंच्या धारा कोण काढत होतं?"

बोटसाहेबांनी पुस्तिका पुढून मागून चाळली. त्याविषयी तीत अवाक्षर नव्हते.

अशा राजमान्य घड्याळाने बोटसाहेबांच्या मनगटावर मात्र दुसऱ्याच सकाळी प्राण सोडला. झटकताच ते जागे झाले, दुपारच्या झोपेनंतर पाहावे तो पुन्हा गतप्राण. त्याच्या पोटात अर्ध्या चकतीसारखे एक वजन असते. हात हालला की ते झुलते आणि आतील कमान गुंडाळली जाते. बोटसाहेबांचा हात खुर्चीच्या दांडीवर जो विसावे, तो जेवणाच्या ताटावरच उठे. एवढ्या खुराकावर स्विस घड्याळ कसे जगावे?

बाईंनी घड्याळाकडे पाहिले, मग पतीकडे पाहिले. "याला एका दिवसात कळलं," त्या म्हणाल्या. "मला कळायला अर्धा संसार लागला."

बोटसाहेबांनी उपाय आरंभिले. गच्चीत खुर्ची टाकून ते हात वर करून हालवीत बसले. समोरच्या घरातील मंडळींनी प्रेमाने हात हालवून उत्तर दिले. ही गोष्ट चार दिवस चालली. पाचव्या दिवशी समोरच्या आजोबांनी, एवढे अगत्याने बोलावतात तर जावे, म्हणून चहाला येऊन बैठक मारली. मग घड्याळ मान फिरविणाऱ्या टेबलपंख्याला बांधून पाहिले. पंख्याची मान बोटसाहेबांच्याच चालीने फिरत असल्यामुळे घड्याळ त्याच्याही गळ्यात मेले. इकडे मालक आज येतील की उद्या, या धास्तीने दाराची घंटा वाजली की बोटसाहेब मनगट झटकीतच उठत. मुलगी म्हणाली, बाबांनी आयुष्यात केलेला हा पहिलाच व्यायाम.

शेवटी अडला हरी! त्यांनी घड्याळ बाईंच्या पुढ्यात ठेवले आणि, घरातल्या घरात तू ते घालावेस, मालक आले की मी चढवीन, असे खाली पाहून सुचविले. बाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. हातात घातले, ते पीठ मळताना कोपरापर्यंत गेले, कपडे घासताना बोटांपर्यंत आले. तेव्हा त्या बाजारातील घड्याळजीकडे गेल्या आणि पट्ट्याच्या तीन कड्या काढून घेतल्या. त्या कड्या त्यांनी बटणांच्या डबीत टाकल्या. पतीला सांगण्याचे प्रयोजन त्यांना वाटले नाही. पतीने तरी आजवर काय सांगून केले होते?

घड्याळ जे सुटले, ते थांबेना. झाडणे, पुसणे, मळणे, पिळणे, इस्त्री, जाळी काढणे, वरच्या फळीवरचे डबे उतरविणे आणि पुन्हा चढविणे. राजेमहाराजांच्या मनगटावर जे सुख त्याला कधी लाभले नसेल, ते येथे लाभले. रात्री उशाशी ठेवले तरी सकाळी चालूच. बोटसाहेब निश्चिंत होऊन खुर्चीत अधिकच खोल रुतले. खिडकीजवळची ती दुसरी खुर्ची त्यांना स्वप्नात दिसू लागली.

आणि एके सकाळी घंटा वाजली. मुलीने दार उघडले, तो साक्षात मालक.

बाई मोरीत जाड ब्लँकेट पिळीत होत्या. त्याचे एक टोक नळाला बांधलेले होते, कारण दुसरे टोक धरण्यास घरात कोणी मोकळे नसे. बोटसाहेब मोरीकडे धावले. धावले हे अक्षरशः खरे आहे. मुलीने ते पाहिले. बाईंनी ओल्या हाताने घड्याळ काढून दिले. बोटसाहेबांनी ते चढविले, तर ते चार बोटांच्या मुळाशी येऊन अडकले. खाली जाईना, वर येईना.

"अगं, हे आखडलं कसं?"

"ते नाही आखडलं. तीन कड्या काढल्यात."

तोवर मालक आत येऊन बसलेच होते. बोटसाहेब हात पाठीशी धरून समोर उभे राहिले. मालकांनी प्रकृतीची, हवेची चौकशी केली, आणि मग अगदी सहज विचारले की किती वाजले. बोटसाहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केले.

"ते नाही. आपलं दाखवा."

हात पुढे आला. बोटांच्या मुळाशी पट्टा रुतलेला, त्यावर साबणाचा फेस, आणि फेसाखाली काटा कसा अगदी झोकात फिरत होता. मालकांनी बराच वेळ निरखून पाहिले. मग त्यांची दृष्टी मोरीच्या दाराशी उभ्या असलेल्या बाईंच्या मनगटाकडे गेली. तेथे पट्ट्याच्या रुंदीची फिकट खूण उमटलेली होती. बोटसाहेबांना आपली खुर्ची दूर दूर जाताना दिसली.

मालक म्हणाले, "घड्याळ चालू आहे. मी शब्द पाळतो. ज्याच्या हातावर चालतंय, त्याची खुर्ची. वहिनी, कधीपासून येता?"

बाईंनी पदराला हात पुसले. "मला खुर्ची नको, मालक. खुर्चीतला माणूस तेवढा उठवून द्या."

"ते मला इतक्या वर्षांत जमलं नाही हो, वहिनी," मालक म्हणाले, आणि चहा घेऊन गेले. जाताना, त्या खिडकीपाशी आता पाण्याची टाकी बसवीन म्हणाले.

मालक गेल्यावर बोटसाहेब खुर्चीपर्यंत आले, पण बसले नाहीत. हात सुजू लागला होता. बाईंनी त्यांना मोरीत नेले, साबण चोळला आणि घड्याळ ओढून काढून पुन्हा आपल्या मनगटावर चढविले. ब्लँकेट नळाला तसेच लोंबत होते. बोटसाहेबांनी सवयीने त्याकडे बोट केले. कोणीच हालले नाही. मग त्यांनी ते बोट मिटले, नळाची गाठ सोडली आणि ते टोक दोन्ही हातांनी धरले.

"उलट्या बाजूला पिळा," बाई म्हणाल्या. "माझ्या बाजूनं पिळलंत तर जन्मभर पिळत बसाल."

पाणी निथळले तेव्हा बाईंनी सांगितले, "कड्या डबीत आहेत. हात चालायला लागला की एकेक लावून आणीन."

आजमितीस एक कडी परत बसलेली आहे. घड्याळ बोटसाहेबांच्या हातात अद्याप जात नाही, परंतु ब्लँकेटचे टोक आता नळाला बांधावे लागत नाही. आख्यान ते आजही लावतात. मात्र शेगडीपाशी चाके घाशीत बसलेला शेतकरी आला की क्षणभर थांबतात आणि, धारा त्याची बायको काढीत असे, हे वाक्य आपण होऊन जोडतात. पुस्तिकेत ते नाही.

येथवर ज्यांनी आपला बहुमोल वेळ खर्चिला, त्या सर्व वाचकांचे मनःपूर्वक आभार. आपापली घड्याळे चालू असोत. कोणाच्या हातावर, ते ज्याचे त्याने पाहावे.

आपला नम्र,
अप्पा घड्याळजी
(कड्या काढणारा तो हाच)