ओलं टेबल

अकोल्याच्या दवाखान्यात माझ्या तान्ह्या खुशीचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. नवऱ्याला सुटी मिळाली नाही, म्हणून उपाशी लेकीला घेऊन मी एकटीच थिएटरबाहेर बसले होते. अर्धवट उघड्या दारातून दिसलं, सफाईच्या आशाबाईंनी टेबलावर जंतुनाशक फिरवलं आणि लगेच कोरड्या फडक्यानं पुसून टाकलं.

"मावशी, ते आपोआप वाळू द्या ना. जंतू मरायला वेळ लागतो."

"सायब खेकसतात, टेबल ओला काहून म्हून. तुले लय माईत दिसते व माय."

"मी मायक्रोबायोलॉजी शिकले आहे."

"मंग बस आता. पुन्हा पुसतो."

दार लागलं. टेबल पुन्हा पुसून आपोआप वाळेपर्यंत ऑपरेशन सुरू व्हायला उशीर झाला. खुशी दुधासाठी माझी ओढणी ओढत रडू लागली.

"पाज ना वं तिले," बाकावरची बाई म्हणाली.

भुलीआधी पाजता येत नव्हतं, आणि उशीर मीच ओढवून घेतला होता. मी भिंतीकडे तोंड करून तिला थोपटत राहिले.