पाववाल्याच्या पोटातला कामकरी

मी एक जुनं आणि जरा तिरसट स्वादुपिंड आहे. मित्रांनो, जठराच्या मागे आडवं पडून राहणाऱ्याला कोण विचारतो? पण रक्तातली साखर शरीराच्या कामी लागायला जे इन्सुलिन हवं, ते मीच तयार करतो!

आमचे मालक पाववाले. भट्टीतून निघालेल्या प्रत्येक ट्रेमधला तुकडा चाखायचा, ही त्यांची जुनी रीत. तरुणपणी मीही दमदार होतो. पाव आत आला, की इन्सुलिन हजर! मग वर्षं सरली, मालकांचं पोट सुटलं आणि शरीर माझं इन्सुलिन जुमानेना. मी आणखी गाळलं, आणखी गाळलं आणि पार थकलो. मधुमेह झाला. बाहेरून इन्सुलिनचं इंजेक्शन सुरू झालं. त्यातच पायाला भट्टीचा चटका बसला आणि जखम काही भरेना.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, साखर उतरली नाही तर पाय वाचवणं अवघड आहे. पाव, बटाटा, गोड कमी करा. इंजेक्शनचा डोस मात्र मी सांगेन तसाच बदलायचा."

मालक घरी भाज्या, अंडी, मासे खाऊ लागले. तरी साखर हटेना.

"मी तर पावाला शिवतही नाही!" मालक भट्टीपाशी तावातावाने म्हणाले. अहो, काय हे धादांत खोटं! इथे माझ्या नाकी नऊ आले होते.

"बाबा, मग तोंडात काय आहे?" लेकीने विचारलं.

"ती चव गं! चव म्हणजे काय खाणं होय?"

"चवीचवीने दिवसभरात अख्खी लादी पोटात जाते तुमच्या!"

मालक ओशाळले. त्या दिवसापासून लेक चाखू लागली. मालक पावाला खालून टिचकी मारायचे. पोकळ वाजला, की भाजला. आणि माझा जीव भांड्यात पडला! ओझं हलकं झालं, तशा माझ्या उरल्यासुरल्या पेशी पुन्हा नेटाने कामाला लागल्या. मधुमेह काही पळाला नाही, पण साखर ताब्यात आली. बाईंनी तपासून तपासून इंजेक्शनचा डोस कमी केला. जखमही हळूहळू भरत आली. शाब्बास रे मी!

मित्रांनो, तुमच्याही पोटात माझा एक भाऊबंद राबतोय. तो कधी कुरकुरत नाही, म्हणून त्याला गृहीत धरू नका. परवा मालकांच्या पायाची पट्टी कायमची निघाली. आज ते स्वतःच्या दोन्ही पायांवर उभे राहून पीठ मळतायत.